एक्सपीच्या गोठ्यासाठी जनावर

उस्तादांनी मला नोकरीवर घेताना एकच प्रश्न विचारला होता. मी इस्त्रीच्या शर्टाची घडी मोडू नये म्हणून ताठ बसलेलो, तोंड मात्र चालू, मांडीवर प्रमाणपत्रांची जाडजूड फाईल. तिच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बशीतला चहा फुंकत म्हणाले, "तुझी खोड सांग."

"सर, मी वेळेचा फार पक्का आहे." मुलाखतीत असंच सांगायचं असतं, असं मला कुणीतरी शिकवलं होतं.

"ही खोड न्हाई, ही जाहिरात हाय. खोड सांग."

शेवटी जे होतं ते बोलून टाकलं. "बोलतो फार."

"बराबर. मघाधरनं मी तेच बघून राह्यलो. ये सोमवारपासून."

अशा रीतीने मी अंबड आणि घनसावंगीच्या मधल्या पट्ट्यातल्या एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात रुजू झालो. कारखान्याचं नाव सांगत नाही. तिथली माणसं मला अजून लग्नपत्रिका पाठवतात आणि तिथलं जेवण चांगलं असतं.

विभागात आम्ही दोघंच. उस्ताद साहेब आणि मी नोकर, असा सरळ हिशेब. उस्ताद हे त्यांचं नाव नव्हे. आमच्याकडे गॅरेजवाल्यापासून तबलजीपर्यंत ज्याच्या हाताला गुण असतो त्याला उस्ताद म्हणतात, आणि यांना तर चेअरमनही उस्तादच म्हणायचे. सहा फूट उंची, मिशा अशा की त्यांना वेगळा पगार असावा. खुर्चीच्या पाठीवर बारमाही काळी घोंगडी. संगणक अडला की त्याच्या डब्यावर बाजूने थाप मारत, "हां हां, थांब, थांब, भिऊ नगं," असं कुजबुजत. इंटरनेट मंद झालं की दोन बोटं तोंडात घालून अशी शीळ घालत की शेजारच्या हिशेब विभागातल्या बाया दचकून पाणी सांडत.

हे सगळं आलं होतं घरून. वडील मेंढपाळ. उन्हाळ्यात कळप घेऊन गोदाकाठापर्यंत जायचे, आणि आठवड्याच्या जनावरांच्या बाजारात पोराला बरोबर न्यायचे. पोरगा पुढे डिप्लोमा करून संगणकात आला, पण बाजार काही त्याच्यातून गेला नाही. जगातली कुठलीही वस्तू निवडायची तर ती बैल निवडतात तशीच निवडायची, हा त्यांचा पंथ. चप्पल घेताना ते तिला आधी दोन पावलं चालवून, मग पाठमोरी चालवून बघत. दुकानदार विचारी, "पायात घालून बघा की साहेब." हे म्हणत, "आधी तू घालून चाल. मला मागून बघायची हाय."

आणि सगळ्यात मोठं शास्त्र खोडीचं. बाजाराचा जुना रिवाज असा, की विकणाऱ्याने जनावराची खोड आधी सांगायची. एखादं डाव्या अंगानं मारतं, एखादं पाण्यात बसतं, एखाद्याला ढोलाचा आवाज सोसत नाही. सांगितलेल्या खोडीबद्दल नंतर भांडता येत नाही. लपवलेल्या खोडीबद्दल मात्र जनावर परत. उस्ताद म्हणत, "बिनखोडीचं जनावर देवानं बनवलंच न्हाई. खोड ठावं असलेलं आन् खोड ठावं नसलेलं, अशा दोनच जाती."

एकदा कामानिमित्त अंतरवाली सराटीवरून येत होतो. चौकात चहाच्या टपऱ्या. मला तलफ आलेली. उस्ताद पहिल्या टपरीपुढे उभे राहिले. "तुमच्या चहात खोड काय हाय?"

टपरीवाला छाती काढून म्हणाला, "एकदम फर्स्टक्लास चहा, साहेब! खोडबीड काय न्हाई."

उस्ताद पुढे निघाले. दुसऱ्या टपरीवर तोच प्रश्न. तो बिचारा भांडं ढवळता ढवळता म्हणाला, "साखर जरा जास्ती पडती माझ्या हातून. बायको बी बोंबलती."

"दे दोन," म्हणत उस्ताद बाकावर टेकले. चहा खरोखर पाकासारखा होता. उस्ताद तो मिटक्या मारत प्यायले. मी म्हणालो, "उस्ताद, पहिलीकडचा चांगला असता तर?"

"असंल की. पर मला कसं कळणार? तो तर बोललाच न्हाई चहाबद्दल. स्वतःबद्दल बोलला."

आता मुद्द्यावर येतो. येतो म्हणजे काय, इतका वेळ मी त्याच्याच भोवती फिरतोय.

आमच्या कारखान्याच्या काट्यावर, म्हणजे जिथे उसाच्या गाड्या वजनाला उभ्या राहतात तिथे, एक जुना संगणक होता. त्यावर एक्सपी, म्हणजे संगणक चालवणारी जुनीपुराणी प्रणाली. तीच ती हिरव्या टेकडीच्या आणि निळ्या आभाळाच्या चित्राची, जिच्या जन्मदात्यांनीसुद्धा तिचं तेरावं करून टाकलं होतं. पण तो संगणक बदलता येत नव्हता. काट्याचं वजन ज्या कार्डातून आत यायचं ते कार्ड फक्त एक्सपीलाच ओळखत होतं, आणि कार्ड बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. नवा संगणक म्हणजे नवं कार्ड, नवं कार्ड म्हणजे काट्याची सगळी सरकारी तपासणी नव्याने, आणि त्यात अख्खा हंगाम गेला असता.

तेवढ्यात वरून फर्मान आलं. या हंगामापासून प्रत्येक गाडीचं वजन त्याच क्षणी इंटरनेटवरून मुख्य सर्व्हरला गेलं पाहिजे, तेही कुलूपबंद भाषेत, म्हणजे वाटेत कुणाला वाचता किंवा बदलता येणार नाही असं. जो काटा पाठवणार नाही त्याला सील. आणि आमच्या एक्सपीला ती नवी कुलूपबंद भाषा येतच नव्हती. तिला तिच्या काळातली जुनी भाषा यायची, जी सर्व्हरने आता ऐकणंच बंद केलं होतं.

कारखान्याचे एमडी साहेब भले माणूस, पण त्यांचं रक्त लवकर तापायचं. त्यांनी बैठक बोलावली. "सील लागलं तर ऊस हायवेवरच्या खाजगी काट्यावर मोजून आणावा लागंल."

बैठकीतल्या सगळ्यांनी हातातले कप खाली ठेवले. त्या खाजगी काट्याची कीर्ती अशी होती, की हत्ती उभा केला तरी शेळीचं वजन भरायचं. आणि आमच्या काट्याची कीर्ती बरोबर उलटी. लोक कारखान्याला शिव्या घालत, चेअरमनला घालत, रस्त्याला घालत, पण काट्याला कुणी कधी घातली नाही. साखर कारखान्याच्या जगात याला चमत्कार म्हणतात.

"पुण्याची एक कंपनी म्हणते, सगळं आमच्याकडं द्या," एमडी पुढे म्हणाले. "उस्ताद, तुमच्यानं होत असलं तर सांगा. न्हाई झालं तर विभाग त्यांच्याकडं जाईल आन् तुमची बदली साखर गोदामात करावी लागंल. मी आधीच सांगून ठेवतो."

उस्तादांनी मिशीवर हात फिरवला. "साहेब, एक्सपीला भाषा येत न्हाई तर दुभाषा आणू. काटापूजेच्या दिवशी पहिली गाडी आपल्याच काट्यावर मोजायची आन् तिथूनच पाठवायची. न्हाई गेली तर गोदामाची किल्ली मी स्वतः मागून घेतो."

दुभाषा म्हणजे लायब्ररी. वाचनालय नव्हे. दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला तयार कोड, जो आपण आपल्या प्रोग्रॅमला जुंपायचा. नेटवर बोलण्याचं, कुलूप लावण्या-उघडण्याचं काम तो करतो. अशा लायब्रऱ्या जगात ढिगाने आहेत. प्रश्न एवढाच, की एक्सपीच्या पडक्या गोठ्यात कोणतं जनावर उभं राहील.

मी उत्साहाने सगळ्यात नावाजलेली लायब्ररी उतरवून आणली. तिला उस्तादांनी बैलांच्या जातीवरून "खिल्लारी" नाव ठेवलं. देखणी, चपळ, जगभर बोलबाला. जुंपली आणि तिने पहिलं पाऊल टाकायच्या आतच पडद्यावर पाटी लावली. तिला जे दार हवं होतं ते एक्सपीच्या घरात नव्हतंच. ते नव्या घरांत असतं.

"गव्हाण उंच लागती हिला," उस्ताद म्हणाले. "राजवाड्यातली हाय. राहू दे."

मग मी तिचीच जुनी आवृत्ती आणली, एक्सपीच्या काळातली. ती आनंदाने चालली. पण तिलाही जुनीच भाषा येत होती. उस्तादांनी तिची तारीख बघितली, म्हणजे दात बघितले. "अरे, ही एक्सपीच्याच वयाची! दोन म्हाताऱ्या गप्पा छान मारतील. पर सर्व्हरच्या दारात दोघींनाबी कुणी घेणार न्हाई."

पुढे काही आठवडे उस्तादांचा बाजार चालला. तो बघणं म्हणजे तिकीट काढून बघावं असं. लायब्ररीचं माहितीपत्रक ते कधीच वाचत नसत. "सासरच्या माणसानं सुनेला नावं ठेवलेली बी ऐकू नयेत आन् आईनं केलेलं कौतुक बी. शेजारणीला विचारायचं." शेजारीण म्हणजे तक्रारींचं पान. लोकांनी काय काय तक्रारी केल्या, आणि त्याहून महत्त्वाचं, मालक काय बोलला. जो मालक तक्रारीवर चिडला तो बाद. जो गोड बोलून विषय बंद करतो तोही बाद. नंतर ती लायब्ररी बरोबर आणखी किती लायब्रऱ्या आणते ते बघायचं. "एक बैल घेतला आन् त्याच्यासंगं चार म्हशी, दोन शेळ्या आन् एक मावशी आली, तर वैरण कोण घालील?" आमच्या एक्सपीच्या पोटात जागा किती, तर आजच्या साध्या मोबाइलनेही तोंड फिरवावं इतकी.

आवडलेली वस्तू त्याच दिवशी घ्यायची नाही, हा आणखी एक नियम. आवडलं की पान बंद करून ते उठून जात. मुद्दाम दुसऱ्याच लायब्ररीचं पान उघडून तिची वारेमाप स्तुती करत. मी म्हणे, "उस्ताद, इथं मालक समोर न्हाई. कुणाला फसवून राह्यला?"

"मला," ते म्हणत. "मला माझी घाई दिसली न्हाई पायजे."

शेवटी दोन उरल्या. एक मोठ्या मंडळींची, तिचं नाव "देवणी". दुसरी एका एकट्या माणसाने लिहिलेली, छोटी, दिसायला साधी. तिचं नाव "लाल कंधारी". एक्सपीकडून ती काही म्हणजे काही मागत नव्हती. कुलूपकिल्ल्यांची सगळी विद्या तिच्या स्वतःच्याच पोटात होती.

"आता मालकाला पत्र," उस्ताद म्हणाले. "लिही. राम राम. तुमचं जनावर पाहण्यात आलं. अंगानं बरं हाय. खोड कळवावी."

"उस्ताद, परदेशातली माणसं ती. असं इंग्रजीत कसं लिहू?"

"कामून? तिकडं बैल न्हाईत?"

मी जमेल तसं लिहिलं. आदरणीय महोदय, आपल्या लायब्ररीतील दुर्गुण कृपया कळवावेत. दोन्हीकडे पाठवलं आणि मनातल्या मनात कारखान्याच्या अब्रूला तिलांजली दिली.

देवणीवाल्यांचं उत्तर झटपट आलं. सुबक, दोन ओळींचं. आमच्या माहितीत कोणताही दोष नाही, आपल्या स्वारस्याबद्दल आभार. उस्तादांनी ते मोठ्याने वाचायला लावलं. "फर्स्टक्लास चहा," एवढंच म्हणाले.

लाल कंधारीच्या मालकाचं उत्तर उशिरा आलं, आणि आलं ते पुराणासारखं. लांबलचक. मोठी फाईल दिली की मध्येच धाप लागते. एका वेळी दोन कामं सांगू नका, गोंधळते. अनोळखी माणसाचं ओळखपत्र पूर्ण तपासल्याशिवाय एक शब्द बोलत नाही, यावरून लोक मला शिव्या देतात, पण ते मी बदलणार नाही. आमच्या गावच्या वाचनालयातला संगणक अजून एक्सपीवर आहे, म्हणून त्याच्यासाठी मी दार उघडं ठेवलंय. तो संगणक मेला की काय करीन सांगता येत नाही. आणि शेवटी, मी स्वतः हिवाळ्यात पत्रांची उत्तरं फार उशिरा देतो.

उस्ताद उठून उभेच राहिले. "स्वतःची बी खोड सांगितली! अरे, हा आपल्या पाव्हण्यातलाच दिसतो. नीट बघ, आडनाव काय हाय?"

आडनाव आमच्या दोघांनाही वाचता आलं नाही. तरी उस्तादांनी ते घरातलं मानून टाकलं.

पण नुसत्या पत्रावर सौदा होत नाही. चाल बघायची होती. काट्यावरच्या संगणकाचा जुळा भाऊ आमच्या खोलीत पडून होता, तसाच जुना, त्यावरही एक्सपी. त्याच्यावर दोघींना जुंपलं. खोट्या पावत्या पाठवायला लावल्या, आणि पावती अर्ध्या वाटेत असताना उस्ताद ओरडत, "वढ!" मी इंटरनेटची तार उपटायची. मग "लाव!" मग पुन्हा "वढ!" शेजारच्या विभागात वाटायचं, आम्ही विहीर खणतोय.

देवणीने तार तुटल्यावर न डगमगता तीच पावती पुन्हा पाठवली. एक ट्रॉली ऊस सर्व्हरवर दोन ट्रॉल्या झाला. मी म्हणालो, "शेतकरी खूश होतील."

"होतील. पर त्या दुसऱ्या ट्रॉलीची साखर तुझ्या घरून आणू का?"

लाल कंधारीची तार उपटली तेव्हा ती थांबली, आणि तिने आमच्या प्रोग्रॅमला स्पष्ट कळवलं, की पावती पोचली की नाही ते मला माहीत नाही. आधी विचारून घ्या. उस्ताद हरखून गेले. "माहीत न्हाई म्हणायला अक्कल लागती, बाबा. आपल्या अख्ख्या कारखान्यात हे वाक्य बोलणारं एक माणूस दाखव." सौदा पक्का झाला. उस्तादांनी जुळ्या भावाच्या डब्याला हळद-कुंकू लावलं. मी हसलो तर म्हणाले, "हास. पर उंबऱ्याबाहेर जाऊन हास."

काटापूजेचा दिवस उजाडला. काट्याला आंब्याची पानं, झेंडूच्या माळा. मंडप, भटजी, चेअरमन, संचालक, आणि रस्त्यापर्यंत गेलेली उसाच्या गाड्यांची रांग. काट्याच्या खोलीपर्यंत इंटरनेटची तार पोचली तीच त्या सकाळी. तार ओढणाऱ्यांचा मुहूर्त आणि भटजींचा मुहूर्त एकच निघाला होता.

काट्याच्या खोलीत काटाबाबू बसायचे. कित्येक हंगाम तिथेच काढलेला, सुपारी चघळणारा, शांत माणूस. त्यांनी उदबत्ती संगणकाच्या फटीत खोचली होती. पहिली ट्रॉली हार घालून काट्यावर चढली. वजन पडद्यावर उमटलं. टाळ्या पडल्या. उस्तादांनी पाठवण्याचं बटण दाबलं.

लाल कंधारी अडली.

पुन्हा दाबलं. पुन्हा अडली. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ, सर्व्हरशी बोलायला नकार. खिडकीबाहेर चेअरमनचं हसू तसंच होतं, फक्त गोठलं होतं. एमडी आत घुसले, रक्त तापलेलं.

"काय झालं, उस्ताद?"

"आडलं."

"ते दिसतंय! अहो, बाहेर लोक उभे हायेत. ती ओळखपत्राची तपासणी बंद करता येती ना? पुण्याच्या पोरानं सांगितलंय मला, एक ओळीचं काम असतं. करा बंद अन् जल्दी पाठवा!"

खरं होतं ते. एक ओळ बदलली असती तर पावती गेली असती, टाळ्या पुन्हा सुरू झाल्या असत्या आणि गोदामाची किल्ली गोदामातच राहिली असती. मला तर ती ओळ कुठे आहे हेसुद्धा माहीत होतं. माझी बोटं शिवशिवायला लागली.

उस्तादांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "साहेब, राखणीच्या कुत्र्याला मुसकं बांधता येतं. बांधू. मंग लांडगा आला की कुत्रं काय करील? शेपूट हालवील."

"अहो, इथं लांडगा कुठं हाय!"

"तेच तर बघून राह्यलो. जनावर उगीच आडत न्हाई. आडलं की फटका मारायचा न्हाई, ते काय बघून आडलं तिकडं बघायचं." आणि त्या गर्दीत, त्या सनईत, हा माणूस खुर्ची ओढून शांतपणे ती इंग्रजी ओळ एकेक शब्द करत वाचू लागला. मी अर्थ सांगत होतो. समोरच्याचं ओळखपत्र... अजून... लागूच झालेलं नाही.

"म्हंजे?"

"म्हणजे या संगणकाच्या मते सर्व्हरचा अजून जन्मच झालेला नाही, उस्ताद."

उस्तादांनी मान तिरकी केली. मग हळूच संगणकाचं घड्याळ उघडलं. तारीख बरोबर. महिना बरोबर. आणि साल... साल होतं माझ्या लग्नाच्याही आधीचं.

"बाबू," उस्ताद अतिशय प्रेमाने म्हणाले, "हे काय हाय?"

काटाबाबूंनी सुपारी गालात सरकवली. "ते व्हय? ते मी दर साली मागं घेतो. एक जानेवारीला."

"कामून?"

"अहो, काट्याचा मूळ प्रोग्राम नवं साल लागलं की हंगामाचे सगळे टन शून्य करून टाकतो. पहिल्यांदा झालं तवा किती बोंब झाली! तवापासून एक जानेवारी आली की मी साल एकानं मागं करतो. टन राहतात, हंगाम संपला की हातानं शून्य करतो, कुणाची तक्रार न्हाई. पावतीवर हंगाम आधीच छापलेला असतो, हा नुसता दिवस आन् महिना टाकतो. बिलकुल अडचण न्हाई आली."

वर्षानुवर्षं, दर जानेवारीत, हा सालस माणूस काळाला मान धरून परत आणून बसवत होता. बाहेर सरकारं बदलली, आमची लग्नं झाली, पोटं सुटली. काट्याच्या खोलीत तेच साल.

पहिले उस्ताद हसले. आधी मिशा हलल्या, मग खांदे, मग ती सहा फूट काया टेबलावर कोसळली. हसता हसता म्हणाले, "अरे, मी साऱ्या जगाच्या जनावरांचे दात पाह्यले, आन् गोठ्याचं कॅलेंडर पाह्यलं न्हाई! चूक माझी हाय, साहेब. जनावराची न्हाई." डोळे पुसत त्यांनी घड्याळात साल पुढे सरकवायला हात घातला, तर काटाबाबू किंचाळले.

"उस्ताद, नगं! टन उडतील!"

"अरे बाबा, हंगाम आत्ता सुरू होऊन राह्यला. उडायला टन हायेत कुठं?"

साल बदललं. बटण दाबलं. लाल कंधारीने सर्व्हरचं ओळखपत्र खालीवर करून बघितलं असावं, आणि मग पावती गेली. तिकडून मंजुरी आली. बाहेर सनईवाल्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी त्याने नेमका तेव्हाच सूर चढवला. एमडींनी उस्तादांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. काटाबाबू मात्र पडद्यावरच्या नव्या सालाकडे टक लावून बघत होते. हळूच मला म्हणाले, "भाऊ, म्हंजे मी रिटायरमेंटला आलो की."

सील लागलं नाही. काटा आमचाच राहिला, विभागही. उस्तादांनी नंतर दोन महिने खपून टनांची बेरीज आपल्या प्रोग्रॅममध्ये वेगळी धरून ठेवण्याची सोय केली, म्हणजे जानेवारीत मूळ प्रोग्रॅमने काहीही केलं तरी आकडे जागेवर राहावेत. काटाबाबूंना चार वेळा समजावलं. काटाबाबूंनी चारही वेळा "बराबर हाय" म्हणून मान डोलावली.

आणि एक जानेवारीच्या सकाळी काट्यावरून निरोप आला, आडलं. आम्ही पोचलो तेव्हा गाड्यांची रांग पार वळणापर्यंत गेलेली, ड्रायव्हर भोंगे वाजवतायत, काटाबाबू घामाने चिंब. "उस्ताद, माफ करा. तुमच्यावर भरवसा हाय, पर हाताला न्हाई ना! पहाटे आलो, बसलो, आन् हात आपसूक गेला. साल मागं केलं."

मला वाटलं, आता उस्ताद याला काट्यावर घालून मोजतात. पण ते पडद्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरत चाललं होतं जे मी कधी पगाराच्या दिवशीसुद्धा बघितलं नव्हतं. त्यांनी साल नीट केलं. टन जागच्या जागी होते, एकही उडाला नव्हता. पहिली पावती गेलेली बघितली आणि ते तडक बाहेर आले. रांगेपुढे उभे राहून दोन्ही हात वर करून ओरडले, "आडलं होतं बरं का! तारीख खोटी होती, तर बोललंच न्हाई! एक शब्द बोललं न्हाई!" पोरगा झाल्याची बातमी सांगावी तसा आवाज. आणि कँटीनवाल्याला हुकूम, अख्ख्या रांगेला चहा.

पहिल्याच ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर, डोक्याला मफलर, सकाळपासून ताटकळलेला, स्टिअरिंगवर हनुवटी टेकवून म्हणाला, "उस्ताद, चाललं तवा बी तुमी खूश, आडलं तवा बी खूश. मंग आमी रडायचं तरी कवा?"

"आधी ट्रॉली काट्यावर घे," उस्ताद म्हणाले. "खरं वजन दिसलं, की रड."